पाण्याच्या टाकीत केरोसीन : पॅनइंटरनॅशनलची तीन वर्षे

आज आपण जेमतेम तीन वर्षे टिकलेल्या एका विमानकंपनीची गोष्ट पाहणार आहोत. नाव पॅनइंटरनॅशनल, गाव पश्चिम जर्मनीतले म्युनिक, स्थापना 1968.

ही चार्टर कंपनी. म्हणजे काय? लग्नाच्या वऱ्हाडासाठी आपण अख्खी एस.टी. ठरवतो ना, तसे सहलकंपनी अख्खे विमान ठरवते. त्या काळी जर्मन कुटुंबे सुट्टीला स्पेनच्या किनाऱ्याकडे निघू लागली होती. तिकीट स्वस्त ठेवायचे, तर खर्चावर सतत नजर ठेवावी लागते.

6 सप्टेंबर 1971. बीएसी वन-इलेव्हन जातीचे विमान 121 जणांना घेऊन हॅम्बुर्गहून मालागाला निघाले. उड्डाणानंतर काही क्षणांतच दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकाने विमान थेट महामार्गावर उतरवले. ते पुलाच्या खांबाला धडकले. 22 जण दगावले, 99 वाचले.

आता कारण समजून घेऊ. भरलेले विमान उचलायला इंजिनाला जादा जोर लागतो. त्यासाठी उड्डाणाच्या वेळी इंजिनात शुद्ध पाणी फवारायची सोय असे. पाण्याने आतली उष्णता आटोक्यात राहते आणि तेवढी जास्त ताकद काढता येते. त्या दिवशी पाण्याच्या टाकीत केरोसीनही गेले होते. दोन्ही दिसायला पाण्यासारखेच! जे थंड करायचे, तेच पेटले, इंजिने अतितापली.

चूक डबे भरणाऱ्या हातांची, असे म्हणून आपण थांबू शकतो. पण डब्यात काय आहे हे तपासायची पद्धत ठरवणे कोणाचे काम? आणि ती पाळली जाते का, हे पाहणे कोणाचे? जर्मनीतही हेच विचारले गेले. सरकारी देखरेख ढिली होती का, आणि सत्ताधारी पक्षाचे खासदार कार्ल वीनांड यांचे कंपनीशी आर्थिक संबंध होते का, यासाठी संसदेने चौकशी समिती नेमली.

कंपनी मात्र 1971 सालीच बंद झाली.

आपण विमानात बसतो तेव्हा वैमानिकावर विश्वास टाकतो. त्या दिवशी वैमानिकाने 99 जीव वाचवले. उरलेला विश्वास आपण जमिनीवरच्या, कधीही न दिसणाऱ्या माणसांवर टाकलेला असतो. त्यांचे काम तपासणारा कोणीतरी हवा, आणि तो कंपनीच्या उपकाराखाली नसावा. एवढे लक्षात ठेवू. आता प्रश्न घेऊ या.