वाद्य कुठलंही, गुरू एकच: अन्नपूर्णादेवी

रेडिओवर सतार किंवा बासरी लागली की आपण वाजवणाऱ्याचं नाव विचारतो. त्याला शिकवलं कुणी, हे क्वचितच विचारतो. आज आम्ही अशाच एका शिकवणाऱ्या बाईंची ओळख करून देणार आहोत. त्यांचं नाव अन्नपूर्णादेवी.

त्यांचा जन्म १९२७ सालचा, मध्य प्रदेशातल्या मैहरचा. वडील अल्लाउद्दीन खाँ तिथल्या दरबारातले नामांकित वादक. घर गाण्याचं, तरी या धाकट्या लेकीला शिकवायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. थोरली जहाँआरा गाणं शिकून सासरी गेली आणि तिथं तिचा तंबोरा जाळला गेला, असं सांगतात. दुसरीच्या वाट्याला तसा जाच नको, ही बापाची भीती.

पण कान कोण बंद करणार? भाऊ अली अकबर रियाज करायचा, ही ऐकायची. एकदा तो चुकला, तेव्हा हिनं बरोबर काय ते गाऊन दाखवलं. नेमके वडील आले आणि त्यांनी ऐकलं. तिथून तिची शिकवणी सुरू झाली.

आधी गाणं, मग सतार, मग सूरबहार. सूरबहार म्हणजे सतारीची थोरली बहीण समजा. आकार मोठा, तारा जाड, आवाज खोल. तार बोटानं बाजूला ओढली की एक सूर सरकत दुसऱ्यावर जातो, त्याला मींड म्हणतात. सूरबहारवर ती लांबवर घेता येते, म्हणून संथ आलापाला हे वाद्य शोभतं.

१९४१ साली सतारवादक रविशंकर यांच्याशी त्यांचं लग्न झालं. पुढे काही वर्षांनी त्यांनी जाहीर मैफली सोडल्या. आपल्याला मिळणारी दाद नवऱ्याला रुचत नव्हती आणि आपल्यालाही मैफलींची फारशी हौस नव्हती, असं त्यांनीच नंतर सांगितलं.

मैफल थांबली, रियाज थांबला नाही. मुंबईतल्या घरी शिकवणंही चालू राहिलं. त्यांच्या शिष्यांत निखिल बॅनर्जी सतारीचे, बसंत काब्रा सरोदचे, नित्यानंद हळदीपूर बासरीचे. सूरबहारवाली बाई बासरी कशी शिकवणार? त्या गाऊन दाखवत, शिष्यानं ते आपल्या वाद्यातून काढायचं. हरिप्रसाद चौरसिया नावारूपाला आल्यावर त्यांच्याकडे आले. पहिल्यापासून शिकायची तयारी दाखवायला त्यांनी बासरी धरायची बाजूच बदलली!

१९७७ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. २०१८ साली मुंबईत त्या गेल्या. त्यांच्या वादनाची ध्वनिमुद्रणं अगदी मोजकी. त्यांची विद्या उरली ती शिष्यांच्या हातांत.

मैत्रिणींनो, आपल्या गटात गोधडी, पापड, ओव्या कुणी ना कुणी शिकवल्याच आहेत. त्या बाईचं नाव गटाच्या वहीत आहे का? पुढच्या बैठकीत लिहून ठेवा. आणि सासरच्या धाकानं कुणा लेकीची कला अडली असेल, तर तेही बोला.