तिसरा रूळ, वरची तार आणि मधला डीजे

करोंद चौक ते एम्स हा भोपाळ मेट्रोचा केशरी मार्ग. त्यातला सुभाषनगर ते एम्स हा टप्पा डिसेंबर २०२५मध्ये प्रवाशांसाठी खुला झाला. या मार्गावर डोक्यावर तार नाही. गाडीच्या दोन रुळांशेजारी तिसरा रूळ आहे, त्यात ७५० व्होल्टची डीसी वीज. मेट्रोच्या वाटेवरच राणी कमलापती स्थानक लागतं आणि तिथे रेल्वेच्या गाड्या २५,००० व्होल्ट एसीच्या तारेखाली उभ्या असतात. एकच गाडी या दोन्हींवर चालवायची झाली तर?

आधी थोडा हिशेब. एक मेगावॉट शक्ती २५,००० व्होल्टवर घेतली तर ४० अँपिअर पुरतात. ७५० व्होल्टवर १,३३३ लागतात. म्हणून वरती बारीकशी तार चालते आणि खाली चक्क रूळ लागतो. सबस्टेशनंही जवळजवळ बांधावी लागतात. बदल्यात बोगदा बुटका चालतो, खांब उभारावे लागत नाहीत. शहरी मेट्रोला हा सौदा परवडतो, लांबच्या गाडीला नाही.

लंडनची थेम्सलिंक सेवा १९८८पासून दोन्हींवर चालते. उत्तरेकडे तार, दक्षिणेकडे तिसरा रूळ, आणि बदल फॅरिंग्डन स्थानकात. गाडी फलाटावर उभी असतानाच सर्किट ब्रेकर उघडतो, तारेतून वीज घेणारा छतावरचा पेंटोग्राफ खाली बसतो आणि बोगीच्या बाजूचे लोखंडी शू तिसऱ्या रुळातून वीज घेऊ लागतात. आत ट्रान्सफॉर्मर बाजूला पडतो, कारण डीसीला त्याचा उपयोग नसतो. मोटरांना वीज पुरवणारा पुढचा भाग मात्र दोन्हींना सामाईक. तार मुद्दाम पुढच्या सिटी थेम्सलिंक स्थानकापर्यंत ओढून ठेवली आहे. शूने दगा दिलाच, तर गाडी तारेवरच परत फिरवता यावी म्हणून. मला या सगळ्या व्यवस्थेत ही खबरदारी सर्वांत आवडते.

युरोस्टारचं उदाहरण बोलकं आहे. फ्रान्समध्ये तारेखाली १२ मेगावॉटच्या वर शक्ती घेणारी ही गाडी इंग्लंडच्या तिसऱ्या रुळावर आली की जेमतेम ३.४ मेगावॉटवर यायची. नोव्हेंबर २००७मध्ये लंडनपर्यंतचा नवा वेगवान मार्ग पूर्ण झाला आणि तिचे शू कायमचे रिकामे झाले.

आपल्याकडे तिसरा रूळ कोलकात्यात १९८४मध्ये आला, पण वीजबदलाची खरी मुरलेली विद्या मुंबईची. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला धावलेली पहिली विजेची गाडी १,५०० व्होल्ट डीसीवर होती. पुढे देशाने २५,००० व्होल्ट एसी स्वीकारलं आणि मुंबई डीसीचं बेट होऊन बसली. इगतपुरीला बऱ्याच गाड्यांचं इंजिनच बदलत. प्रवाशांना तेवढ्यात वडा मिळे, हा फायदा वेगळा. पश्चिम रेल्वेने सत्तरच्या दशकात डब्ल्यूकॅम-१ ही एसी-डीसी इंजिनं आणली. विरारच्या पुढे ती धावता धावता वीज बदलत.

दोन विजांमध्ये तारेचा एक निर्जीव तुकडा असतो, न्यूट्रल सेक्शन. रुळाकाठी पाचशे मीटरची पाटी, मग अडीचशेची, मग ‘डीजे ओपन’. डीजे म्हणजे इंजिनाचा मुख्य सर्किट ब्रेकर. लोको पायलट तो उघडतो, गाडी नुसत्या वेगावर तुकडा ओलांडते. दोन्हीकडे एसीच असलेल्या साध्या न्यूट्रल सेक्शनला पुढे ‘डीजे क्लोज’ची पाटी आली की काम संपतं. एसी आणि डीसीच्या सीमेवर मात्र त्याआधी तारेत कोणती वीज आहे याची खातरजमा हवी. २५,००० व्होल्ट चुकून डीसीच्या यंत्रणेत शिरले तर इन्सुलेशन फुटणारच. उलट डीसी ट्रान्सफॉर्मरमध्ये गेली तर त्याची गुंडाळी तापून जळेल. सगळं कौशल्य त्या जोडण्याआधीच्या क्षणात आहे. वीज वरून येते की खालून, हा त्यामानाने किरकोळ प्रश्न.

पुण्यात आता दोन्ही पद्धती शेजारी आल्या आहेत. वनाझ–रामवाडी आणि पिंपरी–स्वारगेट या मार्गांना २५,००० व्होल्टची तार, हिंजवडी–शिवाजीनगरला तिसरा रूळ. जिल्हा न्यायालयापाशी मार्ग एकमेकांना भेटतात, पण गाड्या आपापल्याच विजेवर राहतात. बदलतो तो प्रवासी. भोपाळचाही हिशेब तोच. मुंबईने मात्र बदलाची गरजच मोडीत काढली: पश्चिम रेल्वे २०१२मध्ये, मध्य रेल्वेची मुख्य लाइन २०१५मध्ये आणि शेवटी एप्रिल २०१६मध्ये हार्बर एसीवर गेली. मध्य रेल्वेची डब्ल्यूकॅम-३ ही एसी-डीसी इंजिनं त्यानंतरही काही वर्षं धावली, फक्त एसीवर.