साठी, बुद्धी आणि धाडस



‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या घरांत अजून चलनात आहे. ती केव्हा बाहेर निघते, हे मात्र पाहण्यासारखे असते. वडिलांनी मुलाच्या हैदराबादच्या फ्लॅटसाठी चार एकर विकायला सही केली, तर ही म्हण कोणी काढत नाही. तेव्हा वडील समंजस असतात. तेच वडील उद्या म्हणाले की मी गावच्या वाड्यात एकटा राहणार आहे, किंवा त्या चार एकरांच्या पैशातून मुलींसाठी वसतिगृह काढणार आहे, किंवा पत्नी जाऊन सहा वर्षे झाली, आता मला पुन्हा लग्न करायचे आहे. की लगेच म्हण निघते आणि तिच्या मागोमाग ‘म्हातारचळ’ हा शब्दही येतो. बुद्धी दोन्ही वेळा तीच होती. फरक एवढाच की पहिला निर्णय आपल्या सोयीचा होता आणि दुसरा त्यांचा स्वतःचा.

आजचा विषय हा दुसऱ्या प्रकारचा निर्णय आहे. त्यातली जोखीम खरी असते, हे आधीच मान्य करू. तिशीतल्या माणसाचे दुकान बुडाले तर दहा वर्षांत तो पुन्हा उभा राहतो. अडुसष्टाव्या वर्षी बुडालेले भरून काढायला वर्षेच हाताशी नसतात. शरीरही पहिल्यासारखे साथ देत नाही. तरीही शहाणीसुरती माणसे या वयात मोठी उडी घेतात. का घेतात, आणि कोणती उडी शहाणपणाची, हे समजून घेण्यासाठी तीन माणसांची उदाहरणे पाहू.

पहिले महर्षी धोंडो केशव कर्वे. जन्म १८५८ चा. १९१४ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजातून गणिताचे प्राध्यापक म्हणून निवृत्त झाले. त्या काळच्या मानाने ते वय झाले होते, नावही झाले होते. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईला भरणाऱ्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. जपानमधल्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका कोणीतरी त्यांना पूर्वीच पाठवली होती आणि ती तशीच बाजूला पडून होती. भाषणाच्या तयारीत ती पुन्हा हाती लागली. दुसऱ्याच वर्षी, १९१६ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी, कर्व्यांनी महिला विद्यापीठ सुरू केले. विद्यार्थिनी मूठभर, सरकारी मान्यता नाही, आणि शिक्षणाचे माध्यम मातृभाषा. स्त्रीशिक्षणाच्या बाजूने बोलणाऱ्या सुधारकांपैकीही अनेकांना हा मार्ग पटला नव्हता. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी दिली, तेव्हा कुठे पाय टेकायला जागा मिळाली. कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळायला १९५१ उजाडले. तोवर कर्वे नव्वदीच्या पुढे गेले होते.

मधल्या काळातही ते बसून राहिले नाहीत. १९२९ मध्ये, सत्तरी उलटल्यावर, युरोप, अमेरिका आणि जपानचा प्रवास केला. ७८ व्या वर्षी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी संस्था काढली आणि ८६ व्या वर्षी समता संघ. १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले, तेव्हा ते शंभर वर्षांचे होते.

१९१६ चा निर्णय वरवर पाहिला तर एका पुस्तिकेने घडवला असे वाटते. पण तसे असते तर ती पुस्तिका आली त्याच दिवशी काम सुरू झाले असते. त्यामागे १८९३ चा त्यांचा स्वतःचा विधवाविवाह होता, त्यासाठी सोसलेला बहिष्कार होता, आणि हिंगण्याच्या आश्रमात वर्षानुवर्षे मुलींना शिकवून आलेली जाण होती. पुस्तिकेने फक्त काडी लावली. लाकडे वीस वर्षे रचली जात होती.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारचे. पैनगंगा ओलांडून पांढरकवडा, वणी करत गेले की वरोरा येते. तिथले आनंदवन आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी उभी केलेली ती संस्था पुढे गावासारखी वाढली. पाठीच्या मणक्यांच्या दुखण्याने बाबांना बसता येत नसे. ते एक तर उभे असत किंवा आडवे. अशा शरीराने त्यांनी १९८५ मध्ये कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ यात्रा काढली. आणि १९९० मध्ये, पंचाहत्तरी गाठल्यावर, आनंदवन सोडून ते साधनाताईंसह नर्मदेच्या काठी कसरावदला राहायला गेले. धरणाखाली ज्यांची गावे जाणार होती त्यांच्याबरोबर राहायचे, एवढाच हेतू.

धरण थांबले नाही. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बांधकामाला परवानगी दिली. बाबा पुढे आनंदवनात परतले आणि २००८ मध्ये तिथेच गेले. धरण हवे की नको यावर आपल्यात दोन मते असतील, ती असू द्या. माझा मुद्दा वेगळा आहे. बाबांचा निर्णय यशाच्या हिशेबाने फसला असे म्हणता येईल, तरी तो बेजबाबदार होता असे म्हणता येत नाही. आनंदवन सांभाळायला डॉ. विकास होते. हेमलकशाला डॉ. प्रकाश १९७३ पासून पाय रोवून होते. बाबांच्या जाण्याने एकाही रुग्णाची पट्टी बांधायची राहिली नाही. जोखीम त्यांच्या आणि साधनाताईंच्या वाट्याला होती, दुसऱ्या कोणाच्या नव्हे.

तिसरे उदाहरण माझ्या पेशातले, म्हणून थोडा हक्काने सांगतो. होमिओपॅथीचे जनक सॅम्युएल हानेमान १७५५ मध्ये जर्मनीत जन्मले. पहिली पत्नी १८३० मध्ये वारली. अकरा मुलांचा हा बाप कोथेन नावाच्या लहान गावात मुलींसह राहून रोगी तपासत होता. १८३४ च्या शरदात पॅरिसहून मेलानी नावाची चौतिशीची एक चित्रकार बाई उपचारासाठी आली. १८३५ च्या जानेवारीत दोघांनी लग्न केले, तेव्हा हानेमान ७९ वर्षांचे होते. गावात आणि वैद्यकीय वर्तुळात चेष्टा झालीच. त्याच वर्षी त्यांनी आपल्या संपत्तीचा मोठा वाटा मुलानातवंडांना देऊन टाकला आणि मेलानीसह पॅरिस गाठले. तिथे दवाखाना जोरात चालला. त्यांच्या ‘ऑर्गेनन’ या ग्रंथाची सहावी आवृत्ती त्यांनी तिथेच, वयाची ८५ वर्षे ओलांडल्यावर तयार केली. ती छापून निघाली मात्र १९२१ मध्ये. १८४३ मध्ये वयाच्या ८८ व्या वर्षी ते वारले. या आठ वर्षांना म्हातारचळ म्हणणाऱ्याने आधी त्या आठ वर्षांचे काम मोजावे.

तीन माणसे, तीन क्षेत्रे. एकाचे काम फळाला आले, दुसऱ्याचे आले नाही, तिसऱ्याचा निर्णय निव्वळ खासगी होता. तरी तिन्हींत एक सूत्र दिसते. प्रत्येकाने आधीचे देणे चुकते केले होते, मागचे काम दुसऱ्याच्या हाती सोपवले होते आणि नव्या कामाची जोखीम स्वतःच्या अंगावर घेतली होती.

आमच्या जैन परंपरेत श्रावकाच्या अकरा प्रतिमा सांगितल्या आहेत. प्रतिमा म्हणजे इथे पायरी. गृहस्थाने संसारातून हळूहळू कसे मोकळे व्हायचे, याचा तो क्रम आहे. आठवी पायरी आरंभत्याग, म्हणजे धंदा-शेतीची उलाढाल सोडणे. नववी परिग्रहत्याग, म्हणजे मालमत्तेवरचा हक्क सोडणे. दहावी अनुमतित्याग. घरच्या व्यवहारात ‘हो’ किंवा ‘नको’ म्हणायचेही सोडणे. क्रम मोठा विचारपूर्वक लावला आहे. धंदा सोडणे सोपे, पैसा सोडणे त्याहून कठीण आणि सल्ला देणे सोडणे सर्वांत कठीण, हे आचार्यांना ठाऊक होते. दुसरी गोष्ट अशी की नववी पायरी पहिल्या दिवशी चढायची नसते. आठ पायऱ्या चढून पाय स्थिर झाल्यावरच ती येते. बाहेरच्या माणसाला फक्त शेवटचे पाऊल दिसते आणि तो म्हणतो, अचानक काय झाले यांना!

पायऱ्या गाळून थेट वर उडी मारली तर काय होते, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० मध्ये रंगभूमीवर आले. त्यातले अप्पा बेलवलकर निवृत्त होताच सगळी मिळकत मुलांना वाटून टाकतात. हेतू उदार, मन मोठे. पण पुढचे आयुष्य कशावर जाणार, याची तजवीज शून्य. अप्पांनी घर दिले, पैसा दिला, पण घरातला मान आपोआप राहील हे गृहीत धरले. मालमत्ता सोडली आणि अपेक्षा सोडली नाही. ही भूमिका पहिल्यांदा करणारे डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते. त्यांनी १९६९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, चालता व्यवसाय सोडून पूर्ण वेळ रंगभूमी धरली. पण त्याआधी कितीतरी वर्षे ते व्यवसाय सांभाळून नाटक करत आले होते. अप्पांची उडी आणि अप्पांची भूमिका करणाऱ्या नटाची उडी, यांतला फरक ध्यानात घ्यावा.

याचा व्यवहारातला धडाही सांगून टाकतो. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात कलम २३ आहे. साठीनंतर एखाद्याने मिळकत बक्षीसपत्राने मुलाच्या नावे केली, त्या दस्तात सांभाळ करण्याची अट असली आणि ती अट पाळली गेली नाही, तर न्यायाधिकरणाकडे अर्ज करून ते बक्षीसपत्र रद्द ठरवून घेता येते. म्हणून अट तोंडी ठेवू नये. ती दस्तात लिहून घ्यावी. आपल्या मुलांवर अविश्वास का दाखवायचा, असे पुष्कळांना वाटते. मी म्हणतो, पावसावर विश्वास असला तरी आपण छत उतरवत नाही.

आता डॉक्टर म्हणून एक गोष्ट सांगणे माझे काम आहे. वय वाढते तसे नवे शिकण्याचा वेग कमी होतो, नावे पटकन आठवत नाहीत. पण शब्दसंपदा आणि अनुभवातून आलेली पारख पुष्कळ काळ टिकते. म्हणून साठीनंतर बुद्धी नाठी होते, हे सरसकट खरे नाही. मात्र काही वेळा धाडस हे आजाराचे लक्षण असू शकते. जन्मभर काटकसरीने वागलेला माणूस एकाएकी पैसे उधळू लागला, अनोळखी माणसाला मोठ्या रकमा देऊ लागला, लाजलज्जा सुटली, झोप उडाली, बोलण्यात विसंगती आली, तर तो निर्णय नव्हे. मेंदूचा विकार, थायरॉईडचा बिघाड, रक्तातले सोडियम घसरणे, एखाद्या औषधाचा परिणाम, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. अशा वेळी रक्त तपासावे आणि मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्यावे. माझ्या गोळ्यांवर थांबू नये.

निर्णय आणि आजार ओळखण्याची साधी रीत अशी. माणसाला शांतपणे विचारावे: हे का करायचे आहे? यात तुमचे नुकसान काय होऊ शकते? फसले तर काय कराल? महिन्याभराने पुन्हा तेच विचारावे. उत्तर तेच आले, कारण स्थिर राहिले आणि नुकसानीची जाणीव स्पष्ट असली, तर तो निर्णय आहे. मग आपल्याला तो आवडो वा न आवडो.

हा सगळा विषय आपल्या आदिलाबादेत का मांडावा? १९५६ मध्ये भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा याच जिल्ह्यातले राजुरा आणि किनवट मराठी मुलखात गेले आणि आपण इकडे राहिलो. त्या वेळी घराघरांतल्या वडीलधाऱ्यांपुढे प्रश्न होता: भाषेमागे जायचे की जमिनीपाशी राहायचे? आपण आज या सभागृहात बसलो आहोत, कारण कुणीतरी राहायचे ठरवले. शाळा दुसऱ्या भाषेत, कचेरी दुसऱ्या भाषेत, तरी घरात मराठी टिकवायची, हे लहान धाडस नव्हते. त्याला कोणी धाडस म्हटले नाही एवढेच.

आज तोच प्रश्न उलटा आला आहे. मुले हैदराबादला, पुण्याला, त्याहून दूर. ती प्रेमाने बोलावतात. काही आईवडील जातात आणि सुखी होतात. काही जण नको म्हणतात. आपले शेत, आपला शेजार, देवळाची पायरी आणि मंडळाची ही व्याख्यानमाला सोडून दहाव्या मजल्यावर राहायचे नाही, असे ते ठरवतात. एकटे राहण्यात पडण्याची, आजारपणाची जोखीम आहे आणि ती त्यांना कळते. अशांना हट्टी म्हणण्याऐवजी न्हाणीघरात धरायला दांडी बसवावी, शेजाऱ्याकडे किल्ली ठेवावी, फोनची ठरलेली वेळ चुकवू नये.

पुनर्विवाह, गाव न सोडणे, जमिनीचे दान, नवी संस्था. निर्णय कोणताही असो, घरच्यांनी तीन प्रश्न विचारावेत. जोखीम कोणावर पडते? मागची जबाबदारी कोणाच्या हाती दिली? स्वतःपुरते काही राखले का? उत्तरे समाधानकारक असली तर बाजूला व्हावे. आणि माझ्या वयाच्या मंडळींना सांगणे एवढेच की, ही उत्तरे मुलांनी विचारण्याआधी आपणच कागदावर लिहून ठेवावीत. लिहिता येत नसतील, तर अजून एखादी पायरी चढायची राहिली आहे असे समजावे. लिहिता आली, तर मग मुहूर्त पाहत बसू नये.