गिझरचा रॉड आणि धातूचा कण

नांदेड-लातूर भागात बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी क्षारयुक्त आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या दिवसांत तर अनेक घरांची भिस्त बोअर आणि टँकरवरच होती. अशा पाण्यावर गिझरची टाकी लवकर गळते आणि ग्राहक दुकानदाराला बोल लावतो. म्हणून गिझर विकणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या बांधवांचे लक्ष आम्ही टाकीतल्या मॅग्नेशियम रॉडकडे वेधू इच्छितो.

हा रॉड गंजण्यासाठीच बसवलेला असतो. मॅग्नेशियम लोखंडाच्या आधी झिजते. ते झिजते तोवर पोलादी टाकी वाचते. मात्र रॉड कसा झिजतो, हे त्याच्या आतल्या कणांवरही अवलंबून असते.

साखरेचा पाक सावकाश निवला तर मोठे खडे धरतात, घोटून लवकर निववला तर बारीक रवा होतो. धातूचेही तसेच आहे. साच्यात हळूहळू थंड झालेल्या ओतीव रॉडमध्ये कण मोठे राहतात. गरम धातू साच्याच्या छिद्रातून दाबून काढलेल्या रॉडमध्ये ते सहसा बारीक असतात. कण बारीक असले तर झीज बहुधा सावकाश आणि सगळीकडे सारखी होते. मोठे असले तर खड्डे पडतात, तुकडे न झिजताच गळून पडतात आणि रॉडचे वजन वाया जाते.

पण केवळ बारीक कण म्हणजे चांगला माल नव्हे. भंगारातून लोखंड, तांबे किंवा निकेल मिसळले गेले तर बारीक कणांचा रॉडही झपाट्याने संपतो. सहा टक्के अ‍ॅल्युमिनियम व तीन टक्के जस्त असलेल्या प्रचलित मिश्रधातूत, टनामागे लोखंड ३० ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही.

हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून वजन आणि चकाकी पाहून स्वस्त रॉड भरू नका. मिश्रधातू कोणता आणि रॉड ओतीव की दाबीव, हे पुरवठादाराकडून बिलावर लिहून घ्या. ग्राहकाला वर्षातून एकदा गिझर उघडून घ्यायला सांगा. आधी वीज व पाणी बंद करून टाकी रिकामी करा. रॉडमधली तार उघडी पडली असेल तर रॉड बदला.

बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतला ओला माल बाहेर काढणारे प्रेषित मुहम्मद (सल्ल.) आपले आदर्श आहेत. आपल्या मालाचे आतले अंग ग्राहकाला दिसत नसले, तरी त्याची जबाबदारी आपलीच आहे.