मालकानं सोडून दिलेलं गाव

कोकोचा धंदा बुडालाच तर हिमालयात जाऊन चहाचा मळा काढायचा, असं जॉर्ज कॅडबरीनं मनाशी ठरवून ठेवलं होतं. वय एकवीस-बावीस, गाव इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम. वडिलांनी १८२४ साली तिथल्या बुल स्ट्रीटवर चहा-कॉफी-कोकोचं दुकान काढलं होतं. १८६१ मध्ये जॉर्ज आणि त्याचा थोरला भाऊ रिचर्ड यांनी धंदा हाती घेतला तेव्हा तो अखेरच्या घटका मोजत होता. आईकडून मिळालेले चार-चार हजार पौंड दोघांनी त्यात ओतले आणि ते बघता बघता आटत चालले. जॉर्जनं वर्तमानपत्र बंद केलं, चहा सोडला. कपडे, प्रवास, दानधर्म, सगळं धरून त्याचा वर्षाचा खर्च २५ पौंडांवर आला. स्वतःच्या चहाला कात्री लावणाऱ्या या पोरानं दानधर्म मात्र खर्चाच्या यादीत ठेवला होता. पुढची सगळी गोष्ट मला या एका नोंदीतच दिसते.

चहाचा मळा काढायची वेळ आली नाही, कारण कोकोच्या बीतलं एक जुनं कोडं सुटलं. या बीत निम्म्याच्या आसपास स्निग्धांश असतो. ती भाजून, वाटून गरम पाण्यात ढवळली की मिसळीवर तर्री यावी तसा त्याचा थर वर येतो. हा थर जिरवायला व्यापारी कोकोत बटाट्याचा स्टार्च, साबुदाण्याचं पीठ आणि काकवी मिसळत. काही जण रंगासाठी विटेची पूडही घालत. कॅडबरींच्या मालातही कोको जेमतेम पाचवा हिस्सा असे, हे जॉर्जनंच पुढे सांगून टाकलं. हॉलंडमध्ये व्हान हाउटेन यांच्या कारखान्यात मात्र बियांमधला हा स्निग्धांश, म्हणजे कोकोचं तूप, दाबून काढणारं यंत्र होतं. १८६६ मध्ये जॉर्ज तिकडे गेला. डच भाषेचा एक शब्द येत नव्हता. हातवारे आणि शब्दकोश यांच्या जोरावर त्यानं व्यवहार पुरा केला आणि यंत्र घेऊन परतला. बरंचसं तूप निघालं की जिरवायला फारसं काही उरत नाही आणि मग पिठाचीही गरज उरत नाही. शुद्ध कोको बाजारात आला. बाजूला निघालेलं तूप खायच्या चॉकलेटात गेलं. भेसळ थांबवली आणि विकायला एकाऐवजी दोन वस्तू मिळाल्या! पुढच्या दहाएक वर्षांत भेसळीविरुद्ध कायदे आले आणि शुद्ध माल विकणाऱ्याचं पारडं आणखी जड झालं.

कॅडबरी क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे. या पंथाला दारू वर्ज्य वाटे, म्हणून गरिबाच्या हाती दारूच्या पेल्याऐवजी कोकोचा कप यावा ही त्यांची मनापासूनची इच्छा. शिवाय ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारं कित्येक पिढ्या त्यांना बंद होती, तेव्हा हुशार मुलं व्यापारात उतरत. ब्रिस्टलचे फ्राय आणि यॉर्कचे राउनट्री हेही क्वेकरच. इंग्लंडची तिन्ही मोठी चॉकलेट घराणी एका चिमुकल्या पंथातून यावीत, याचं उत्तर हे असं आहे.

दर रविवारी भल्या सकाळी जॉर्ज प्रौढांच्या शाळेत शिकवायला जाई. हे त्यानं थोडीथोडकी नाही, पन्नासच्या वर वर्षं केलं. विद्यार्थी म्हणजे मजूर. बरेचसे अक्षरशत्रू, काही दारूत बुडालेले. त्यांच्या घरी जाणं-येणं सुरू झालं तेव्हा पाठीला पाठ लावून बांधलेली, मागून वारा नाही की उजेड नाही अशी घरं त्यानं पाहिली. अशा खोलीत राहणाऱ्याला दारू सोडायचा उपदेश करून काय होणार? आधी खोली बदलायला हवी, हे त्याच्या मनानं घेतलं.

१८७९ मध्ये भावांनी कारखाना शहराबाहेर सहा किलोमीटरवर, बोर्न नावाच्या ओढ्याकाठी हलवला आणि जागेला बॉर्नव्हिल म्हटलं. १८९३ साली जॉर्जनं लगतची १२० एकर जमीन स्वतःच्या पैशानं घेतली आणि दोन वर्षांनी तिथं घरं उभी राहू लागली. जागेच्या चौथ्या हिस्स्याहून अधिक बांधकाम करायचं नाही, उरलेल्यात बाग. राहायला येणाऱ्याच्या हाती बाग खणून, फळझाडं लावूनच मिळे. गावात दारूचा गुत्ता नाही. आणि मला सर्वांत नवल वाटतं ते याचं, की घरं फक्त कॅडबरीच्या कामगारांसाठी नव्हती. पहिल्या वर्षांत निम्म्याहून अधिक रहिवासी दुसरीकडे कामाला जात. नोकरी सुटली म्हणून डोक्यावरचं छप्पर जाऊ नये, ही त्यामागची समज.

सुरुवातीला त्यानं घरं ना नफा ना तोटा दरानं, ९९९ वर्षांच्या पट्ट्यानं दिली. लोकांनी ती चढ्या भावानं विकायला सुरुवात केली. तेव्हा जॉर्जनं भाड्यानं देण्याची रीत धरली आणि डिसेंबर १९०० मध्ये ३३० एकर जमीन आणि ३१३ घरं बॉर्नव्हिल व्हिलेज ट्रस्टच्या नावे करून टाकली. विश्वस्त म्हणून तो आणि घरचीच माणसं बसली, पण मालकी संपली. भाड्यातला पैसा देखभाल भागवून पुन्हा घरं बांधण्यातच घालायचा, असं दानपत्रात लिहिलं. भाडं माफ केलं नाही, हे विशेष. चांगली घरं बांधूनही पैसा वसूल होतो, हे त्याला नगरपालिकांना दाखवून द्यायचं होतं. एका दानातून पुढचं घर, त्या घराच्या भाड्यातून त्यापुढचं! पुढे बॉर्नव्हिलच्या आणि बर्मिंगहॅमच्या फ्लडगेट स्ट्रीट या दाट वस्तीतल्या मुलांची मापं घेतली, तर बॉर्नव्हिलची मुलं काही इंचांनी उंच भरली. उजेड आणि परसातला भाजीपाला मुलांच्या हाडांत उतरला होता.

सगळंच असं उजळ नव्हतं. लग्न झालं की बाईला कारखाना सोडावा लागे. हा नियम मला फार खटकतो. त्याहून गडद प्रकरण साओ तोमे बेटाचं. आफ्रिकेजवळच्या या पोर्तुगीज बेटातून कंपनीचा जवळजवळ निम्मा कोको येई. १९०१ मध्ये रिचर्डच्या मुलाच्या, विल्यमच्या पाहण्यात तिथल्या मळ्याच्या विक्रीची जाहिरात आली. तीत मजूरही मालमत्तेत मोजले होते. ही गुलामीच होती. कंपनीनं १९०५ मध्ये चौकशीला माणूस पाठवला, पण खरेदी थांबायला १९०९ चा मार्च उजाडला. मधल्या काळात ‘स्टँडर्ड’ या वृत्तपत्रानं जाहीर टीका केली. कॅडबरींनी बदनामीचा खटला भरला आणि जिंकला. भरपाई म्हणून ज्यूरीनं दिला एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. निकाल बाजूनं देऊन ज्यूरीनं आपलं मतही सांगून टाकलं. बहिष्कारानं दबाव येईल की खरेदीदार म्हणून आत राहून, हा विचार कंपनीनं प्रामाणिकपणे केलाही असेल. पण तितकी वर्षं त्या मळ्यांत माणसं राबत राहिली.

जॉर्जचे हात इतरत्रही पोचले. १९०१ मध्ये ‘डेली न्यूज’ हे वृत्तपत्र त्याच्याकडे आलं. म्हातारपणच्या पेन्शनसाठी आणि कवडीमोलानं राबवल्या जाणाऱ्या मजुरांसाठी त्यानं ते वापरलं. दर उन्हाळ्यात शहरातली हजारो गरीब मुलं त्याच्या बागेत खेळायला येत. वुडब्रुक हे आपलं आधीचं राहतं घर त्यानं १९०३ मध्ये क्वेकरांच्या अभ्यासकेंद्राला दिलं. १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडला गेलेले गांधीजी तिथं येऊन गेले. जॉर्ज मात्र १९२२ मध्येच वारला होता.

कंपनी १९४८ मध्ये भारतात आली. ठाण्यातल्या एका चौकाला आजही कॅडबरी जंक्शन म्हणतात. २०१० साली क्राफ्ट या अमेरिकी कंपनीनं कॅडबरी विकत घेतली. कारखाना, ब्रँड, जांभळं वेष्टन, सगळं त्या सौद्यात गेलं. बॉर्नव्हिलची घरं त्यात नव्हती, कारण ती कंपनीची कधी नव्हतीच आणि ती विकण्याचा अधिकार त्याच्या ११० वर्षं आधीच कॅडबरी घराण्याच्या हातून सुटला होता. ३१३ घरांपासून निघालेला ट्रस्ट आज सुमारे ८,००० घरं सांभाळतो.