पोर्तुगीज पासपोर्टवाली बायको, बेलापूरचा नवरा

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. त्याआधी तिथे जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येतं. ते घेतलं की भारतीय नागरिकत्व मात्र जातं. अशा गोंयकार मुलीशी प्रवरेकाठच्या बेलापूरच्या मुलाचं लग्न झालं आणि दोघांनी डब्लिनला जायचं ठरवलं, तर त्याला आधी स्वतःची नोकरी दाखवावी लागत नाही. युरोपीय संघाचा २००४ चा निर्देश संघातल्या दुसऱ्या देशात राहण्याचा हक्क जोडीदारालाही देतो. व्हिसा लागतो, पण फुकट. पुढे पाच वर्षांचं निवास-कार्ड आणि कामाची मुभा. अट आहे ती बायकोवर: तीन महिन्यांनंतर तिने तिथे नोकरी-धंदा करावा, नाहीतर, शिकत असली तरी, पुरेसे पैसे आणि आरोग्य विमा दाखवावा.

गंमत म्हणजे हेच जोडपं थेट लिस्बनला गेलं तर हा निर्देश लागू होत नाही. तो दुसऱ्या देशात गेलेल्या युरोपीय नागरिकासाठी आहे. पोर्तुगालमध्ये तिथला देशी कायदा. ब्रिटनची वाट २०२० अखेर बंद झाली.

खरी धावपळ कागदांची. प्रवरेकाठी लागलेलं लग्न पत्रिका नि अल्बम दाखवून सिद्ध होत नाही. ग्रामपंचायतीत तीन साक्षीदारांसह नोंदणी करावी, दाखल्यावरची नावं पासपोर्टशी अक्षरन् अक्षर ताडावीत. वडिलांचं नाव एका कागदावर आहे नि दुसऱ्यावर नाही, एवढ्यानेही घोळ होतो. मग मंत्रालयातून साक्षांकन आणि त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरायला लागणारं प्रमाणन.