पाळणा हलण्यापूर्वी
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

घरात पाळणा हलणार म्हटले की तयारीला जोर येतो. जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली जातात, डिंकाच्या लाडवांचे सामान येते, पाळणा माळ्यावरून खाली उतरतो. या धावपळीत घरातल्या एकाला मात्र कुणीच काही सांगत नाही. तो म्हणजे दाराशी बसलेला कुत्रा.

मग बाळ घरी येते आणि कालपर्यंत लाडका असलेला मोती अंगणात बांधला जातो. दोन दिवसांनी तो गुरगुरला की 'बाळावर जळतो' असे म्हणून आपण मोकळे होतो. खरे तर तो बावरलेला असतो. नवा आवाज, नवे वास, गेलेली जागा आणि ओरडणारी माणसे हे सगळे त्याच्यावर एकाच दिवशी कोसळते. हे बदल आधीपासून, एकेक करून घडवावेत, हेच या तयारीचे मर्म.

आपल्या रीतीने त्यासाठी वेळही दिला आहे. पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. सासर जळगावचे आणि माहेर धुळ्याचे असेल, तर सून सातव्या महिन्यात जाते ती बाळ सव्वा महिन्याचे झाल्यावर किंवा त्याहूनही उशिरा परतते. जळगावच्या कुत्र्याला तेवढे महिने मिळतात. कुत्रा धुळ्याला माहेरी असेल, तर बाळ दवाखान्यातून थेट तिथेच येणार. तिथे तयारी लवकर सुरू करावी.

पहिला प्रश्न जागेचा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. कूलरसमोरची थंड जागा एकच, आणि ती कुत्र्यालाही हवी असते. महिनाभर आधीच त्याचे गोणपाट आणि पाण्याचे भांडे ओसरीतल्या सावलीत हलवावे, खाणेही तिथेच द्यावे. पाळणा रिकामा असतानाच टांगावा आणि त्याच्यापासून दूर बसायला शिकवावे. अंगावर उड्या मारण्याची सवयही आताच मोडावी. 'बस', 'थांब' हे शब्द घरातल्या सर्वांनी सारखेच वापरावेत. सूनच त्याला भाकरी घालत असेल, तर ते काम आधीपासून दुसऱ्याने घ्यावे.

कुत्र्याचे जग नाकावर चालते. बाळाला पाहायला गेलेल्यांनी त्याचे वापरलेले दुपटे घरी आणून कुत्र्याला दुरून हुंगू द्यावे. रडण्याचा आवाज मोबाइलवर हळू लावून रोज थोडा वाढवावा. पशुवैद्याकडून रेबीजची लस आणि जंताचे औषध वेळेवर देणे तर आवश्यकच.

बाळ येईल त्या दिवशी आईने आधी रिकाम्या हातांनी आत येऊन कुत्र्याला भेटावे. गर्दी ओसरली, तो शांत झाला, की साखळी धरून बाळाजवळ आणावे. पायाच्या बाजूने, अंतर ठेवून हुंगू द्यावे. तोंड चाटू देऊ नये. शांत राहिला तर शाबासकी द्यावी.

कुत्रा कितीही गरीब असला तरी बाळाला त्याच्याजवळ एकटे सोडू नये, अगदी दुधाचे पातेले उतरवण्यापुरतेही नाही. तोंड फिरवणे, सारखे ओठ चाटणे, अंग ताठ करणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे या त्याच्या अस्वस्थतेच्या खुणा. गुरगुरल्यावर मारू नये. गुरगुरणे ही सूचना असते. मार खाऊन ती थांबली, तर पुढच्या वेळी तो न सांगता चावेल. त्याला शांतपणे दूर न्यावे. बाळ रांगू लागले की लक्ष अधिकच ठेवावे, कारण ते शेपूट ओढते, त्याच्या भांड्यात हात घालते.

एवढे करूनही दात लागलाच, तर जखम १५ मिनिटे वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी. हळद, चुना, मिरची काही लावू नये. लगेच सरकारी रुग्णालय गाठावे; जळगाव आणि धुळे येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. रक्त आले असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागते. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजमधून माणूस सहसा वाचत नाही, म्हणून 'आपलाच कुत्रा आहे' म्हणत थांबू नये.

पण नीट तयारी केली, तर ही वेळ सहसा येत नाही. आणि बाळासाठी कुत्र्याला घराबाहेर काढण्याची वेळही येत नाही.